धूर बंद झाल्यावर

ताईला घाबरायला कारण लागत नसे. धाकटा भाऊ जास्त बोलला तरी ती घाबरायची, गप्प बसला तरी घाबरायची, आणि दोन्ही न करता नुसता खिडकीबाहेर बघत राहिला, तर सुई हातात तशीच राहून तिचं काळीज तोंडाशी यायचं. लोक म्हणायचे, औषधं चालू आहेत ना, मग एवढं काय मनाला लावून घेता? लोकांना बोलायला काय जातंय! त्यांच्या घरात कात्र्या कुलपात ठेवाव्या लागत नव्हत्या.

ताई रफूचं काम करायची. रस्त्याकडच्या खोलीत एक टेबल, त्यावर मान वाकवता येणारा दिवा, एक भिंग आणि सुयांची उशी, एवढंच तिचं दुकान. मागच्या दोन खोल्या म्हणजे घर. कुणाच्या कोटाला कसर लागलेली, कुणाची पँट खिळ्याला अडकून फाटलेली, कुणाच्या शालीवर इस्त्रीचा डाग. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायची आणि एकेक उभा, एकेक आडवा असा धागा विणून ते भोक बुजवायची. काम असं साफ की कपड्याचा मालक भिंग घेऊन बसला तरी जागा सापडू नये. गल्लीत तिला रफूवाली म्हणायचे आणि तिच्या धाकट्या भावाला इंजिन. इंजिन का, ते विचारायची गरज नव्हती. उठल्यापासून झोपेपर्यंत तो धूर सोडत असायचा.

ती मात्र त्याला सोन्याच म्हणायची. चाळिशी आली, केस पांढरे झाले, तरी सोन्या. कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा आई होती. आई गेली आणि आवाजांची राखण ताईकडे आली. औषधं बदलून बदलून डॉक्टर थकले, आणि मग एकदाची एक गोळी लागू पडली. जालीम गोळी ती. तिच्यासाठी दर महिन्याला रक्त तपासावं लागायचं. पण त्या गोळीनं आवाज दूर गेले. शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तेवढे दूर, असं तो सांगायचा. ताई म्हणायची, शेजाऱ्याचा रेडिओ काय, मलाही ऐकू येतो, तेवढं चालतं.

फक्त एक वाक्य होतं, जे ऐकलं की ती हातातली सुई टाकून उठायची. "ताई, गोळी कमी कर ना."

तीनदा ते वाक्य या घरात बोललं गेलं होतं आणि तीनही वेळा पुढे तेच झालं होतं. आधी "कमी कर". मग गुपचूप थुंकणं. मग झोप उडणं, मग बोलणं बंद होणं, आणि शेवटी नळाच्या तोंडात बोळे कोंबणं, कारण पाणी त्याच्याबद्दल काहीबाही बोलतंय. शेवटच्या वेळी ती बाजारातून आली तेव्हा तो तिच्याच टेबलाशी बसला होता आणि तिची मोठी कात्री त्यानं स्वतःच्या कानाला लावली होती. "आतून कापलं की थांबेल," तो अगदी समजुतीनं म्हणाला. ती कात्री त्याच्या हातातून कशी सोडवून घेतली, ते ताईला आजही आठवत नाही. त्यानंतर कुलूप आलं.

आणि त्यानंतरच सिगरेटची पद्धत बसली. पाकीट ताईकडे. सकाळची गोळी घेतली की सिगरेट. आंघोळ केली की सिगरेट. जेवण, रक्त तपासणी, रात्रीची गोळी, प्रत्येकाला सिगरेट. तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची आणि मग हात पुढे करायचा. ही काही कुठल्या पुस्तकात लिहिलेली रीत नव्हती, पण चालत होती. तो खोकून खोकून लाल व्हायचा, बोटं हळदीत बुडवल्यासारखी पिवळी झाली होती, त्याच्या प्रत्येक सदऱ्यावर तिनं भोकं बुजवली होती. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "सिगरेट?" ताई म्हणायची, "आहे थोडी." थोडी कसली! पण खरा आकडा सांगायची तिला लाज वाटायची. ते ओरडण्यासाठीच विचारतात, असं तिला वाटायचं. दुसरं काही कारण असेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

धाकटा सकाळी एका केंद्रात जायचा. त्याच्यासारखीच माणसं तिथे दुपारपर्यंत असायची, पाकिटं चिकटवायची, बागेला पाणी घालायची, पत्ते कुटायची. तिथल्या सिस्टर धिप्पाड होत्या आणि हसल्या की खिडकीची तावदानं वाजायची. त्यांनी तिथे सिगरेट सोडणाऱ्यांचा एक गट काढला. ताईला कळलं तेव्हा ती तडक भांडायला गेली.

"अहो, एवढा एकच आनंद आहे बिचाऱ्याला. तोही काढून घेताय?"

"वेड लागलं म्हणून फुफ्फुसं काय वेगळी मिळाली आहेत का त्याला?" सिस्टर म्हणाल्या. "माझ्याकडची माणसं आवाजांनी मरत नाहीत हो ताई. छातीनं मरतात. चांगल्या माणसाच्या आधी, पंधरा-वीस वर्षं आधी. आणि सगळे म्हणतात, राहू द्या, तेवढाच एक आनंद."

"पण डोकं परत बिघडलं तर?"

"सोडल्यानं बिघडत नाही. सांभाळून सोडली की झालं. आणि मी कुठं मागे लागलेय? तोच आला माझ्याकडे."

हे मात्र ताईला नवीन होतं. तिनं घरी येऊन विचारलं, तर तो म्हणाला, "जिना चढताना दम लागतो. आणि मला एक तरी गोष्ट स्वतःहून करून बघायची आहे." ताईनं मान डोलावली. मनातल्या मनात ती एवढंच म्हणाली, अरे, तू सिगरेट सोडलीस तर मी तुला गोळी कशाच्या बदल्यात देऊ?

सिस्टरांनी घाई केली नाही. त्यांनी त्याला दंडावर लावायच्या निकोटिनच्या पट्ट्या दिल्या, हळूहळू कमी करायला सांगितलं. पूर्ण बंद करायचा दिवस डॉक्टरांची पुढची भेट झाल्यावर ठरवू म्हणाल्या. तेवढ्यात केंद्राचं रंगकाम निघालं आणि दोन आठवडे कुलूप लागलं. सिस्टर गावी गेल्या. कोणाचंच काही चुकलं नव्हतं. चुकायला अजून वेळ होता.

वकीलसाहेबांच्या कोटानं सगळं घाईला आणलं.

वकीलसाहेब ताईचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या काळ्या कोटाची कॉलर कसरीनं खाल्ली होती आणि ताईनं ती अशी भरली होती की स्वतःच स्वतःवर खूश होती. त्यांनी कॉलर बघितली, वा वा केलं, आणि मग कोट नाकाशी नेला.

"काम झकास आहे हो. पण हा कोट घालून मी कोर्टात उभा राहिलो, तर न्यायाधीश मलाच दंड ठोठावतील. किती धूर पिलाय यानं!"

ते हसले. ताईही हसली. पण सोबत आणलेली दुसऱ्या कपड्यांची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली नाही, तशीच काखेत मारून परत नेली. धाकटा मधल्या दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

वकीलसाहेब गेल्यावर तो आत गेला, खिशातली अर्धी सिगरेट काढून नळाखाली भिजवली आणि कचऱ्यात टाकली. "आजपासून बंद," तो म्हणाला.

"अरे, सिस्टर येईपर्यंत थांब."

"नाही. बंद म्हणजे बंद." मग तो थोडा घुटमळला. त्याला महत्त्वाचं काही सांगायचं असलं की तो डावा कान चोळायचा, तसा चोळत म्हणाला, "ताई, सिस्टर म्हणाल्या होत्या, सिगरेट बंद झाली की गोळी कमी करावी लागते. डॉक्टरांना सांगायला हवं."

गोळ्यांचा डबा जागेवर आहे ना, ते ताईनं आधी बघितलं.

तिनं ऐकलं ते फक्त मधलं. गोळी कमी. बाकीचं वाक्य तिच्या कानाबाहेरच राहिलं. चौथ्यांदा आलं हे, तिला वाटलं. आणि या वेळी किती शहाण्यासारखं आलं, सिस्टरांचं नाव लावून, डॉक्टरांचं नाव लावून! सिगरेटचा आणि डोक्याच्या गोळीचा काय संबंध? कुणी असं कधी ऐकलंय का? आजार हुशार असतो, तिला माहीत होतं. तो धाकट्याच्याच तोंडानं बोलायचा, धाकट्याच्याच डोळ्यांनी काकुळतीला यायचा.

"सांगते हं मी डॉक्टरांना," ती गोड आवाजात म्हणाली. तिनं फोन केला नाही. सिस्टरांनाही केला नाही. त्यांनी हे सांगितलंच नसणार याची तिला एवढी खात्री होती की विचारायची तिला गरज वाटली नाही. खरं सांगायचं तर खात्रीपेक्षा भीतीच जास्त होती. डॉक्टरांनी याचं ऐकून खरंच कमी केली तर?

त्या दिवसापासून तिनं डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. बदल्यात द्यायला आता काही नव्हतं, म्हणून ती समोर खुर्ची टाकून बसायची. गोळी जिभेवर, पाणी, तोंड उघड, जीभ वर, गाल दाखव. धाकटा पहिले काही दिवस पिंजऱ्यातल्यासारखा खोल्यांमधून फिरला. चहाच्या कपावर चिडला, दाराच्या कडीवर चिडला. एकदा तिच्या रिळांचा डबा त्यानं जमिनीवर उपडा केला आणि मग स्वतःच गुडघ्यांवर बसून रंगांप्रमाणे रिळं लावत राहिला. पण सिगरेट मागितली नाही. ताईनं कुलपाची किल्ली कमरेला खोचली आणि झोपताना दार आतून लावायला सुरुवात केली. आपल्याच भावाला घाबरून दार लावायचं म्हणजे काय, ते ज्यानं लावलंय त्यालाच कळेल.

आणि मग चमत्कार झाला. त्याला झोप लागायला लागली.

या घरात झोपेइतकं मोलाचं काही नव्हतं. आजार यायचा तो आधी झोप खायचा, हे ताई इतकी वर्षं शिकली होती. त्यामुळे धाकटा सकाळी उशिरापर्यंत घोरताना दिसला तेव्हा तिनं आईच्या फोटोला हात जोडले. दुपारी जेवून परत झोपला. संध्याकाळी उठवलं तर डोळे न उघडताच चहा प्यायला आणि भिंतीला टेकून पुन्हा झोपला. कुठल्याही दुसऱ्या घरात बहिणीनं विचारलं असतं, याला झालंय तरी काय? ताईनं दाराची आतली कडी काढली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतः गाढ झोपली.

वरच्या मजल्यावर टॅक्सी चालवणारा एक शेजारी राहायचा. त्यानं जिन्यात विचारलं, "आपलं इंजिन शेडमध्ये गेलं की काय? दिसत नाही कुठं."

"सिगरेट सोडलीय त्यानं," ताई अभिमानानं म्हणाली. "आता बाळासारखा झोपतो."

ती हे बोलली आणि का कोण जाणे, पायऱ्या उतरताना तिला थंडी वाजल्यासारखं झालं.

उशी ओली दिसायला लागली. त्याची लाळ गळायची, थोडीशी तर ती पूर्वीपासूनच गळायची, पण आता सदऱ्याचा गळा भिजायचा. चालताना तो भिंतीचा आधार घ्यायला लागला. कप धरला की हात अचानक झटका बसल्यासारखा उडायचा आणि चहा सांडायचा. बोलणं जड झालं, एकेक शब्द चिखलातून पाय उपसावा तसा निघायचा. मग तो बोलेनासाच झाला.

बोलेनासा झाला! ताईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. झोप झाली, आता मौन. मागच्या वेळीही नळाच्या बोळ्यांआधी मौनच आलं होतं. म्हणजे हा गोळी थुंकतोय. कुठे थुंकतोय, कशी थुंकतोय? तिनं गादी उलटली, खिडकीतली कुंडी उकरली, संडासात वाकून बघितलं. काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही म्हणून ती जास्तच घाबरली. सगळे नळ तिनं घट्ट बंद केले. टेबलावरच्या बारीक सुयासुद्धा उचलून कुलपात टाकल्या. आता काम कसं करणार याचा विचारही केला नाही.

त्या संध्याकाळी तिनं गोळी पुढे केली तर त्यानं ओठ मिटून घेतले.

"सोन्या, तोंड उघड."

त्यानं मान हलवली. मग फार कष्टानं, एकेक शब्द गोळा करत म्हणाला, "जास्त... होतेय. ताई. गोळी... जास्त होतेय."

"काही जास्त होत नाही. रोजचीच आहे."

"सिगरेट... नाही ना. म्हणून."

"हे तुझं डोकं बोलतंय, सोन्या. तू नाहीस." तिचा आवाज चिरकला. ती रडायला लागली, आणि रडता रडता तिनं नको ते केलं. "आईची शपथ आहे तुला. मला एकटीला पुन्हा ते सगळं नाही झेपायचं. घे रे. माझ्यासाठी घे."

धाकट्यानं तिच्याकडे बघितलं. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते, पण त्या अर्ध्या डोळ्यांनी त्यानं तिला नीट बघितलं. "रडू... नको," तो म्हणाला. त्यानं तोंड उघडलं, गोळी गिळली आणि न सांगताच जीभ वर करून दाखवली.

ताईला हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो उठलाच नाही. हलवलं तर हुं करायचा. ताईचा धीर सुटला. तिला एकच सुचलं. सगळं बिघडलं ते सिगरेट बंद झाल्यापासून, तेव्हा सिगरेटनंच ते परत जागेवर येईल. सिस्टर गेल्या खड्ड्यात आणि फुफ्फुसंही गेली. ती चप्पल न घालता कोपऱ्यावरच्या टपरीवर गेली, पाकीट आणलं, त्याला उशीला टेकवून बसवलं आणि आयुष्यात कधी सिगरेट न धरलेल्या हातांनी एक त्याच्या ओठांत ठेवली. काडी तीनदा विझली.

"ओढ रे, एकच ओढ. मी कोणाला सांगणार नाही."

त्याच्या ओठांतून सिगरेट घसरून छातीवर पडली. तिनं पुन्हा ठेवली. या वेळी त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. अंगात कपभर चहा धरायची ताकद नव्हती, पण तोंड वळवण्यापुरती त्यानं ती कुठून तरी आणली.

आणि मग त्याचा हात उडाला. मग खांदा. मग सगळं अंग ताठ झालं, डोळे वर गेले आणि पलंग भिंतीवर धडाधड आपटायला लागला. ताई त्याच्या अंगावर पडली, दोन्ही हातांनी त्याला दाबून धरायला लागली आणि किंचाळली. काय किंचाळली ते तिला माहीत नाही. वरून टॅक्सीवाला दोन-दोन पायऱ्या उतरत आला.

"धरू नका त्याला, ताई! सोडा! कुशीवर घ्या, कुशीवर." त्यानं तिला बाजूला केलं, धाकट्याला एका कुशीवर वळवलं, उशी सरकवली. लाळेत रक्त होतं, जीभ चावली गेली होती. झटके थांबले तेव्हा खोलीत फक्त त्याच्या घशातली घरघर उरली. टॅक्सीवाला त्याला पाठुंगळी मारून खाली घेऊन गेला. ताई मागून धावली, अनवाणीच. गाडीत भावाचं डोकं मांडीवर घेऊन ती दोन बोटं त्याच्या नाकाशी धरून बसली. श्वास लागतोय का, लागतोय का. प्रत्येक सिग्नलला तिला वाटायचं, आता नाही लागत.

दवाखान्यात त्याला आत नेलं आणि पडदा ओढला. ताई पडद्याबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. तिला बसायचं धाडस होत नव्हतं. आपण बसलो आणि तेवढ्यात तो गेला तर, असं तिला वाटत होतं. बऱ्याच वेळानं नेहमीचे डॉक्टर आले. त्यांच्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता आणि चेहऱ्यावर कोडं.

"गोळ्या जास्त खाल्ल्यात का यानं?"

"नाही. माझ्या समोर. रोजच्या एवढ्याच."

"थुंकतो?"

"नाही." हे बोलताना तिला पहिल्यांदा कळलं की तो खरंच थुंकत नव्हता.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा बघितला. मग नेहमीचा प्रश्न नेहमीच्याच आवाजात आला. "सिगरेट?"

"बंद केलीय. दोन आठवडे होत आले."

"पूर्ण?"

"एकही नाही."

डॉक्टरांनी डोळे मिटले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "अहो, सिगरेटच्या धुरामुळे ही गोळी शरीरात भराभर संपते. त्या धुराच्या हिशोबानंच तर मी तिचा डोस चढवला होता. धूर बंद झाला की तेवढीच गोळी अंगात साठत जाते. म्हणून आधी कमी करावी लागते. रोजची गोळीच त्याला दुप्पट झाली होती. त्यानंच झोप, त्यानंच लाळ, त्यानंच हे झटके." मग घाईनं म्हणाले, "सिगरेट सोडली हे चुकलं नाही हं. त्यानं केलेलं हे फार मोठं काम आहे. फक्त आम्हाला कळायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

कोणी सांगितलं नाही, असं म्हणता आलं असतं. सिस्टर गावी होत्या, केंद्र बंद होतं, सगळं जुळून आलं असतं.

"सांगितलं होतं," ताई म्हणाली. "त्यानंच सांगितलं होतं. दोनदा."

"मग?"

"मला वाटलं, आजार बोलतोय."

डॉक्टरांनी रिपोर्ट दुमडून खिशात ठेवला. बाजूला उभा असलेला टॅक्सीवाला खाली बघायला लागला. ताईला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावी असं झालं. इतकी वर्षं ती त्याच्या गालात, जिभेखाली, गादीखाली खोटं शोधत होती. खरं त्यानं सरळ तोंडावर सांगितलं होतं आणि तिनं ते गोड आवाजात उडवून लावलं होतं.

त्याला नीट शुद्ध यायला दोन दिवस लागले. तोपर्यंत ताई पलंगाशेजारच्या स्टुलावर होती. तो मेला नाही, हे कळलं होतं. पण ते डोकं, जे एवढ्या वर्षांनी कसंबसं जागेवर आलं होतं, ते तसंच राहिलंय का? डोळे उघडून तो तिला ओळखेल की पाणी बोलतंय म्हणेल? कोपऱ्यातला नळ ठिबकत होता. तिनं उठून तो तीनदा आवळला.

दुपारी त्यानं डोळे उघडले. छताकडे बघितलं, सलाईनकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मी ओढली नाही," तो म्हणाला. जीभ सुजली होती, पण शब्द त्याचे होते. "तू ठेवलीस तोंडात. पण मी ओढली नाही."

"नाही ओढलीस," ताई म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "तुला माहीत होतं ना, गोळी जास्त होतेय? अंगात जाणवत होतं ना?"

"हो."

"मग गिळलीस कशाला रे?"

त्यानं तिच्याकडे असं बघितलं, जणू हे विचारायची गोष्टच नव्हती. "तू घाबरली होतीस."

ताईनं पदर तोंडात कोंबला. पलीकडच्या पलंगावरचे नातेवाईक वळून बघायला लागले. बघेनात का. त्यानंच विचारलं, "पुढच्या वेळी सांगितलं तर ऐकशील?"

हो म्हणून टाकणं सोपं होतं. पण उद्या तो सांगेल की भिंत ऐकतेय. परवा सांगेल की गोळी नकोच. त्यातलं खरं कुठलं आणि आजाराचं कुठलं, हे तिला आजही ओळखता येत नव्हतं आणि कधी येईल असंही नव्हतं. ती भीती कुठेही गेली नव्हती. उलट तिला आता स्वतःचीही भीती वाटत होती.

"विश्वास ठेवीन की नाही, ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण विचारीन. तू जे सांगशील ते डॉक्टरांना विचारीन. खोटं वाटलं तरी विचारीन."

त्यानं डावा कान चोळत विचार केला. "चालेल."

संध्याकाळी वॉर्डातली नर्स ट्रे घेऊन आली. तिच्या मागे आणखी दोन रांगा उरल्या होत्या आणि ती घाईत होती. तिनं छोट्या कपातली गोळी त्याच्या तळहातावर टाकली. त्यानं ती दिव्याकडे धरून बघितली. मग ताईकडे बघितलं.

"जास्त वाटतेय," तो म्हणाला.

ताईला पुन्हा तेच जुनं वाक्य ऐकू आलं. हातानं आपोआप पाण्याचा ग्लास उचलला. घे रे, हा शब्द जिभेवर तयार होता. इतक्या वर्षांची सवय ती, एका चुकीनं थोडीच जाणार! तिनं ग्लास परत ठेवला.

"सिस्टर, जरा थांबा. डॉक्टरांना एकदा विचारून या."

"अहो, कमी केलेलीच गोळी आहे ही. कागदावर आहे."

"असेल. तरी विचारून या."

"पण का?"

"तो म्हणतोय ना."

नर्सनं ट्रे आदळला आणि ती पुटपुटत डॉक्टरांच्या खोलीकडे गेली. धाकटा तळहात तसाच उघडा धरून बसला. ताई त्याच्या शेजारी पलंगाच्या कडेला टेकली, आणि दोघं दाराकडे बघत राहिले.